ना शिक्का, ना मोर्तब

शिवकालीन राजपत्रांमध्ये दोन खुणा ठळकपणे दिसतात. पत्राच्या माथ्यावर राजमुद्रेचा शिक्का असे आणि मजकूर संपला की अखेरीस मोर्तब उमटविले जाई. शिक्क्यावरून पत्र कोणाच्या अधिकाराने निघाले ते कळे. मोर्तबावरून मजकुराची मर्यादा कळे. म्हणजे येथपर्यंतचा मजकूर धन्याचा, यापुढे कोणी ओळ जोडली तर ती खोटी समजावी. पत्र हाती पडताच ज्याला ते पाळावयाचे असे, तो प्रथम या दोन खुणा पाही. एखाद्या गोष्टीवर ‘शिक्कामोर्तब झाले’ असे आपण आजही म्हणतो, त्या शब्दाचा उगम या रिवाजात आहे.

हा रिवाज केवळ दरबारी थाटाचा भाग नव्हता. मूळ माणूस डोळ्यांसमोर नसता त्याचे शब्द दूर गावी पोहोचवावयाचे, तर वाटेत त्यांत भर पडण्याचे, काटछाट होण्याचे किंवा तोतयाने खोटेच पत्र पुढे करण्याचे भय असते. हे भय आपल्या पूर्वजांनी ओळखले होते. आज घोड्यावरचा जासूद गेला, टपाल आले, तारायंत्र येऊन गेले, आणि आता हातातल्या मोबाइलवर क्षणार्धात संदेश येतो. वेग वाढला, परंतु भय मात्र गेले नाही. उलट, हातोहात पुढे आलेल्या बहुतेक संदेशांवर ना शिक्का असतो, ना मोर्तब. तो प्रथम कोणी लिहिला हे ठाऊक नसते, आणि वाटेत त्यात कोणी काय घातले अथवा गाळले हेही ठाऊक नसते. अशा संदेशाशी शहाण्या माणसाने कसे वागावे, याचा विचार या पाठात करावयाचा आहे.

‘पुढे पाठवा’ असा आग्रह धरणारे संदेश काही मोबाइलबरोबर जन्मास आलेले नाहीत. ज्या काळी घरोघरी पोस्टकार्डे येत, त्या काळी एखाद्या देवतेच्या नावाने लिहिलेले निनावी कार्ड अवचित येऊन पडे. त्यात एखाद्या चमत्काराची हकीकत असे आणि शेवटी आज्ञा असे की, या मजकुराच्या अमुक इतक्या प्रती करून इतरांस पाठवा. पाठवाल तर धनलाभ होईल, न पाठवाल तर घरावर संकट येईल. मजकुरावर विश्वास नसलेली माणसेही ‘उगीच कशाला विषाची परीक्षा?’ असे म्हणून कार्डे लिहीत बसत. पुढे छापील पत्रके निघाली, मग ई-मेल आले, आणि त्यानंतर व्हॉट्सॲपसारखी साधने आली. साधन पालटले, पण धाक, लालूच आणि घाई ही तिन्ही अस्त्रे जुनीच राहिली.

अशा साखळीचे सामर्थ्य कशात असते, ते साध्या गुणाकाराने समजते. समजा, एका माणसाने दहा जणांस संदेश पाठविला आणि त्या प्रत्येकाने आणखी नव्या दहा जणांस तो पाठविला. पहिल्या टप्प्यात दहा, दुसऱ्यात शंभर, तिसऱ्यात हजार, चौथ्यात दहा हजार, पाचव्यात एक लाख आणि सहाव्यात दहा लाख प्रती होतात. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची लोकसंख्या सुमारे साडेपाच लाख होती. म्हणजे केवळ सहा टप्प्यांत त्या शहरातील माणसांहून अधिक प्रती तयार झाल्या! नवव्या टप्प्यात हा आकडा शंभर कोटींवर जातो. पोस्टकार्ड लिहावयास शाई, वेळ आणि पैसा लागे, त्यामुळे ही साखळी मंद चाले आणि बहुधा मध्येच तुटे. मोबाइलवर मात्र अंगठ्याच्या एका स्पर्शाने काम भागते. श्रम पडत नाहीत, म्हणून विचारही केला जात नाही.

मग माणसे असे संदेश पुढे का पाठवितात? ती दुष्ट असतात म्हणून नव्हे. बहुतेकांचा हेतू चांगलाच असतो, आणि नेमकी हीच गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. खोटा संदेश आपल्या मनातील एखादी खरी भावना हेरतो आणि तिच्या खांद्यावर बसून प्रवास करतो.

कधी ती भावना करुणेची असते. ‘एका आजारी बालकाची शस्त्रक्रिया व्हावयाची आहे, हा ई-मेल जितक्यांना पाठवाल तितके पैसे अमुक कंपनी त्याच्या उपचारासाठी देईल,’ असे संदेश वर्षानुवर्षे फिरत आले आहेत. माणसे एकमेकांस धाडीत असलेली खाजगी पत्रे मोजून त्यांच्या संख्येइतके पैसे देईल, अशी व्यवस्था कोठेही नाही. संदेश वाचून डोळ्यांत पाणी येते, बोट हलते, आणि आपण दान केले असे समाधान मिळते. बालकाला मात्र एक पैही मिळत नाही.

कधी ती भावना अभिमानाची असते. ‘युनेस्को या जागतिक संस्थेने भारताचे राष्ट्रगीत जगात सर्वोत्कृष्ट ठरविले,’ असा ई-मेल २००८ च्या सुमारास देशभर पसरला. वाचणाऱ्याचा ऊर भरून येई आणि तो लगेच चार मित्रांस कळवी. वस्तुतः युनेस्कोने असा कोणताही निर्णय केलेला नव्हता, आणि त्या संस्थेने तसे त्याच वर्षी स्पष्टही केले. तरीही तो मजकूर पुढे अनेक वर्षे पुन्हा पुन्हा डोके वर काढीत राहिला. रवींद्रनाथ ठाकुरांच्या या रचनेला संविधान सभेने २४ जानेवारी १९५० रोजी राष्ट्रगीताचा मान दिला. तो मान पुरेसा नाही काय? आपल्या राष्ट्रगीताची थोरवी खोट्या प्रशस्तिपत्रावर अवलंबून नाही. जी गोष्ट स्वतः थोर आहे, तिला असत्याचा टेकू देणे हा तिचा गौरव नव्हे.

कधी ती भावना भीतीची असते. नोव्हेंबर २०१६ मध्ये मिठाचा तुटवडा पडणार, अशी हूल उठली. देशातील अनेक शहरांत दुकानांसमोर झुंबड उडाली आणि एरवी स्वस्त असलेल्या वस्तूला लोकांनी अनेक पट किंमत मोजली. ज्या देशाला इतका लांब समुद्रकिनारा लाभला आहे आणि जेथे अमाप मीठ पिकते, तेथे मीठ एका रात्रीत कसे संपेल, हा प्रश्न गर्दीतल्या फार थोड्यांना सुचला. दहा रुपयांच्या नाण्याचीही अशीच गोष्ट आहे. अमुक एका नमुन्याचे नाणे बनावट आहे, अशी वदंता पसरली आणि दुकानदार ती नाणी नाकारू लागले. जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर केले की, तोवर निघालेल्या चौदाही नमुन्यांची नाणी खरी असून ती स्वीकारली पाहिजेत. खरे नाणे खोटे ठरले, कारण खोटा शब्द खरा ठरला होता.

केवळ पुष्कळ लोक म्हणतात म्हणून एखादी गोष्ट खरी होत नाही, याचा धडा २१ सप्टेंबर १९९५ या दिवसाने दिला. त्या दिवशी गणेशमूर्ती दूध प्राशन करीत असल्याची वार्ता देशभर आणि परदेशांतही काही तासांत पोहोचली. त्या वेळी भारतात मोबाइलची सेवा नुकतीच सुरू झालेली होती. ही वार्ता पसरली ती घरच्या दूरध्वनीवरून आणि तोंडातोंडी. शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून प्रयोग केला, तेव्हा चमच्यातील दूध पृष्ठताणामुळे मूर्तीकडे ओढले जाते आणि तिच्या अंगावरून बारीक ओघळाने खाली उतरते, असे दिसून आले. श्रद्धा हा ज्याच्या त्याच्या अंतःकरणाचा विषय आहे. परंतु ‘दूध कोठे गेले?’ हा प्रश्न डोळ्यांनी पाहून सुटण्याजोगा होता, आणि ज्यांनी तो विचारला त्यांना उत्तर मिळाले.

येथवर सांगितलेल्या उदाहरणांत पैसा गेला, वेळ गेला, फार तर हसे झाले. कोणी म्हणेल, ‘एवढ्याने काय बिघडले?’ जे बिघडू शकते ते महाराष्ट्राने २०१८ साली पाहिले.

त्या वर्षी ‘मुले पळविणारी टोळी आली आहे’ असे संदेश देशाच्या निरनिराळ्या भागांत मोबाइलवरून फिरत होते. त्यांच्यासोबत एक चित्रफीतही फिरत होती. मोटारसायकलवरून दोघे जण येतात आणि रस्त्यावर खेळणारे मूल उचलून नेतात, असे तीत दिसे. ही चित्रफीत मुळात पाकिस्तानातील कराची येथे, पालकांनी मुलांची काळजी घ्यावी या हेतूने, अभिनय करून तयार केलेली होती. तिच्या शेवटी ते मूल परत आणून सोडले जाते आणि सावधगिरीचा फलक दाखविला जातो. कोणीतरी हा शेवटचा भाग कापून टाकला आणि उरलेला तुकडा खरी घटना म्हणून पुढे ढकलला. मोर्तब कापले गेले की मजकुराचे काय होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण कोणते द्यावे?

धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातही असे संदेश पोहोचले होते. १ जुलै २०१८, रविवार. राईनपाडा या गावी आठवड्याचा बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीतील काही माणसे भिक्षा मागण्यासाठी त्या भागात आली होती. ती सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढे परिसरातील. पोटासाठी गावोगाव फिरणारी. त्यांचा वेश निराळा आणि चेहरे अनोळखी. ती मुले पळविणारी आहेत, असा कोणीतरी संशय घेतला. पाहता पाहता जमाव गोळा झाला. आम्ही भिक्षेकरी आहोत, असे ती माणसे सांगत असतील. परंतु ज्यांच्या मनांत संदेशाने आधीच निकाल देऊन ठेवला होता, त्यांना ते ऐकू येणे शक्य नव्हते. जमावाने पाच जणांचा मारहाण करून बळी घेतला. ती माणसे निरपराध होती.

या पाच जणांवर हात टाकणारे अपराधी होतेच. परंतु त्यांच्या मनात भय पेरणारा संदेश शेकडो हातांतून तेथवर पोहोचला होता. त्यांतील कितीतरी हात आईबापांचे असतील, शेजाऱ्यांचे असतील; ‘मुलांना सांभाळा’ एवढेच त्यांच्या मनात असेल. त्यांपैकी कोणीही काठी उचलली नाही. पण जो मजकूर आपण तपासला नाही, तो त्यांनी दुसऱ्याच्या ओंजळीत टाकला. त्यातून काय निपजेल, हे पाहावयास ते तेथे नव्हते. अफवेचा खरा घातकपणा हाच आहे. तिच्यात प्रत्येकाचा वाटा अगदी लहान असतो, म्हणून कोणालाच आपला वाटा दिसत नाही; आणि सर्वांचे वाटे एकत्र झाले म्हणजे जे घडते, ते कोणालाच परत फिरविता येत नाही.

राईनपाड्यानंतर सरकार, न्यायालये आणि संदेश-सेवा देणाऱ्या कंपन्या यांना जाग आली. १७ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जमावाच्या हिंसेला आळा घालण्यासाठी सरकारांना सविस्तर आदेश दिले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपवर, दुसऱ्याकडून आलेला संदेश पुढे पाठविला असता त्यावर तशी खूण दिसू लागली, आणि भारतात एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी तो पाठविता येणार नाही, अशी मर्यादा घालण्यात येऊ लागली. एप्रिल २०२० पासून, फार वेळा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३५३ व्या कलमान्वये, लोकांत भय अथवा वैर उत्पन्न करणारी खोटी वार्ता पसरविणे हा शिक्षेस पात्र गुन्हा आहे. हे सर्व उपाय योग्य आहेत. परंतु यंत्राने घातलेला बांध पाणी थोडे मंद करतो. ते गढूळ आहे की निर्मळ, हे यंत्र सांगत नाही. ती पारख माणसालाच करावी लागते.

ही पारख कशी करावी, ते आपल्याच भागातील एका उदाहरणावरून पाहू. पावसाळ्यात पंचगंगेला पूर येणे कोल्हापूरकरांस नवे नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्याजवळ पाण्याने ५५ फुटांची पातळी ओलांडली होती. अशा दिवसांत समजा मोबाइलवर संदेश आला: ‘राधानगरी धरण फुटले! पाणी शहराकडे येत आहे! ताबडतोब सर्वांना कळवा!’ सोबत फेसाळत्या पाण्याचे छायाचित्र आहे. आता काय करावे?

प्रथम शिक्का पाहावा: हे कोणी सांगितले? ‘माझ्या मित्राच्या ओळखीच्या अधिकाऱ्याने’ हे उत्तर नव्हे. ज्याचे नाव, हुद्दा आणि जबाबदारी आपल्यास ठाऊक आहे, असा कोणी बोलत आहे काय? दुसरे, काळ व स्थळ पाहावे. संदेशात दिनांक आणि वेळ आहे काय? छायाचित्र आजचे आहे की मागच्या एखाद्या पुराचे? तेच पाणी, तोच पूल, पण साल निराळे, असे नेहमी घडते. तिसरे, मोर्तब पाहावे: हा मजकूर पुरा आहे की तुकडा? चौथे, ही गोष्ट आपल्या ज्ञानाशी जुळते काय, ते ताडून पाहावे. राजर्षी शाहू महाराजांनी भोगावती नदीवर बांधावयास घेतलेल्या या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. जलाशय काठोकाठ भरला की पाण्याच्या दाबाने ते आपोआप उघडतात आणि पाणी उतरले की मिटतात. एका दरवाजातून सेकंदाला सुमारे १,४२८ घनफूट पाणी बाहेर पडते. दरवाजा उघडणे हे धरण फुटण्याचे लक्षण नसून ते सुरक्षित राखण्याची योजना आहे. ज्याला हे ठाऊक आहे, तो ते छायाचित्र पाहून घाबरणार नाही. अज्ञानाच्या ओल्या जमिनीतच अफवेचे बी रुजते.

पाचवी आणि शेवटची गोष्ट म्हणजे, ज्याला खरोखर माहीत असेल त्याला विचारावे. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी ठरलेली आहे. पुराच्या दिवसांत जिल्हा आपत्ती व्यवस्थापन यंत्रणा पाण्याची पातळी वेळोवेळी जाहीर करते. सरकारी धोरणांविषयीच्या संशयास्पद मजकुराची छाननी करण्यासाठी केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने २०१९ मध्ये एक स्वतंत्र कक्ष उघडला. हरवलेल्या अथवा संकटात सापडलेल्या मुलाची खबर द्यावयाची, तर ११२ हा पोलिसांचा आणि १०९८ हा बालकांच्या मदतीचा क्रमांक आहे. जेथे काही करता येण्याजोगे आहे, तेथे खबर द्यावी. शंभर जणांस घाबरवून काहीच साधत नाही.

यावर कोणी असा आक्षेप घेईल की, ‘संदेश खरा असला तर? पाठविला नाही तर लोक बेसावध राहतील. पाठविण्यात तोटा तो काय?’ हा आक्षेप विचार करण्याजोगा आहे. परंतु तोटा आहे. लांडगा आल्याची खोटी हाकाटी करणाऱ्या गुराख्याची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. दहा खोटे इशारे ऐकून कान किटले म्हणजे अकरावा खरा इशाराही माणूस झटकून टाकतो. पुराच्या काळात ज्या रस्त्याने होडी आणि रुग्णवाहिका जावयाची, तो रस्ता घाबरून धावणाऱ्यांनी भरला तर कोणाचे प्राण वाचतील? शिवाय खऱ्या इशाऱ्याला चौकशीचे भय नसते. दोन मिनिटे थांबून खात्री केल्याने तो खोटा होत नाही. ‘विचार करू नका, लगेच पाठवा’ असा आग्रह जो संदेश धरतो, त्याचाच अधिक संशय घ्यावा.

मात्र पारख करणे म्हणजे प्रत्येक गोष्टीवर अविश्वास दाखविणे नव्हे. सगळेच खोटे मानणे हे सगळेच खरे मानण्याइतकेच आळशीपणाचे आहे. दोहोंतही विचाराचे कष्ट वाचतात. संदेश बदलल्याने केवढा अनर्थ होतो हे सांगताना आपण ‘ध’चा ‘मा’ केल्याची गोष्ट सांगतो. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, ही इतिहासातील सिद्ध घटना आहे. परंतु ‘धरावे’ या शब्दाचे ‘मारावे’ असे कोणी केले, ही त्या घटनेभोवतीची आख्यायिका असून तिच्याविषयी इतिहासकारांत एकमत नाही. म्हणजे खोट्या मजकुराविरुद्ध आपण जो दाखला देतो, तोही तपासूनच द्यावयास हवा. सिद्ध ते सिद्ध म्हणावे, ऐकीव ते ऐकीव म्हणावे. एवढा भेद राखला तरी आपल्या बोलण्याला वजन येते.

आणखी एक अडचण विद्यार्थ्यांना जाणवेल. पुष्कळ वेळा असा संदेश घरातील वडीलधाऱ्यांकडूनच येतो. आजोबा किंवा आत्या प्रेमाने काही पाठवितात. ते खोटे आहे असे चारचौघांत तोंडावर कसे म्हणावे? म्हणूही नये. ‘आजोबा, हे कोणी कळविले बरे? आपण दोघे मिळून पाहू या का?’ असे जवळ बसून विचारता येते. सत्य सांगताना नम्रता सोडण्याची गरज नसते, आणि नम्रता राखताना सत्य सोडण्याचीही गरज नसते. ज्या घरात असा प्रश्न विचारण्याची मोकळीक आहे, त्या घराच्या उंबऱ्यावर अफवेची पावले अडखळतात.

शेवटी पुन्हा त्या गुणाकाराकडे वळू. पहिल्या टप्प्यातील दहा जणांपैकी एकाने जरी संदेश पुढे पाठविला नाही, तरी सहाव्या टप्प्यावर त्याच्या एक लाख प्रती कमी होतात. त्या एकाने भाषण केलेले नसते, कोणाशी वाद घातलेला नसतो; तो केवळ क्षणभर थांबलेला असतो. या थांबण्याची नोंद कोठे होत नाही आणि त्याबद्दल कोणी आभारही मानीत नाही. तरीही एखाद्या अनोळखी गावी, बाजाराच्या दिवशी, भिक्षेची झोळी खांद्यावर घेऊन आलेला कोणी निरपराध माणूस त्यामुळे संध्याकाळी सुखरूप आपल्या पालावर परत जाऊ शकतो.